खुडूक कोंबडीला उन्हात जपा

खुडूक कोंबडी अंड्यांवर 21 दिवस बसते. उन्हाळ्यात तहानेने जीव कासावीस झाला तरी ती कधीकधी जागा सोडत नाही. कधी बसल्या जागीच दगावते. कोंबडी गेली की पिलेही गेली आणि घरखर्चाचा आधारही.

म्हणून टोपली तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नका. सावलीत, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. तळाला ओलसर वाळू, वर पेंढा घाला. अंडी ताजी व 8-10 च ठेवा. रोज सकाळी ऊन चढण्याआधी तिला अलगद उचलून 15 मिनिटे बाहेर सोडा. ज्वारीच्या कण्या द्या. मातीच्या परळात गार पाणी जवळच असू द्या. चोच उघडी, पंख सैल दिसले तर तिला लगेच गारव्यात न्या. ती स्वतःहून उठेलच असे नाही. उठवायचे काम आपलेच.