हवा किती असावी?

डोक्यात हवा गेलेला माणूस दुरूनही ओळखू येतो. टायरातली हवा मात्र पाहून कळत नाही, हे ज्ञान आम्हाला गेल्या दिवाळीत जव्हार मुक्कामी झाले.

जव्हारला आमचा भाचा असतो. भाजीपाला, मोगऱ्याच्या कळ्या, घरबांधणीचे सामान यांची ने-आण करणारी एक पिकअप त्याच्याजवळ आहे. गाडीबरोबर आलेले टायर झिजले, तेव्हा त्याने नाशिकहून थोडे रुंद, आठ प्लायचे, जाड नक्षीचे नवे टायर आणून बसविले. ते इतके ऐटबाज दिसत होते की पाडव्याला आमच्या सौभाग्यवतींनी गाडीबरोबर त्यांनाही हळदकुंकू वाहिले.

पंचाईत झाली ती हवेची. नव्या टायराच्या अंगावर ‘कमाल ६५ पौंड’ असा आकडा होता. भाच्याने चारी चाकांत ६५ पौंड हवा भरली आणि आम्हाला घेऊन मोखाड्याकडे निघाला. गाडी रिकामी, खड्डा आला की आम्ही टपाला टेकत होतो, आणि वळणावर ब्रेक दाबला की मागची चाके रस्ता सोडू पाहत होती. “अरे, ही गाडी आहे की घोडी?” सौ. म्हणाल्या.

परत आल्यावर नाक्यावरच्या एका अनुभवी गृहस्थांनी सल्ला दिला, “तीस ठेवा. गादीवर बसल्यासारखे वाटेल.” वाटलेही तसेच! पण दुसऱ्या दिवशी त्याच हवेवर सिमेंटच्या गोण्या चढल्या. घाट चढून गाडी थांबली, भाच्याने मागच्या टायराला हात लावला, तो चटकाच बसला.

शेजारी एस.टी.च्या कारखान्यात उमेदीची वर्षे काढलेले एक मिस्त्रीकाका राहतात. ते हसून म्हणाले, “अहो, भार रबर उचलत नाही, हवा उचलते. हवा कमी पडली की टायराची कूस प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आणि एक दिवस फुटते. हवा जास्त झाली की टायर मधल्या पट्टीवरच चालतो, पकड जाते.” १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायराचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा हिशेब बदललेला नाही.

“मग टायरावरचा आकडा?” भाच्याने विचारले.

“ती मर्यादा आहे रे बाबा, शिफारस नव्हे! पंगतीत बारा लाडू खाणाऱ्यालाही रोज कोणी बारा वाढीत नाही.”

दाराच्या खांबावरच्या पट्टीतले आकडे मूळ टायरांसाठी असतात. टायराचे माप किंवा प्लाय बदलली की ते जसेच्या तसे चालतीलच असे नाही. काकांनी रीत सांगितली ती अशी. पट्टीवरच्या दाबाला मूळ टायर किती किलो पेलत होता, ते टायर-कंपनीच्या कोष्टकात पाहावे. नवा टायर निदान तेवढेच वजन किती पौंडांवर पेलतो, तेही कोष्टकातच सापडते. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या चाकांवरचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. पुढे इंजिनाचा भार, मागे मालाचा, म्हणून चारी चाकांत एकच आकडा शोभत नाही. शंका आली तर कमाल मर्यादेच्या आत राहून दोन पौंड जास्तच बरे.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलण्यापूर्वी. तपमान पाचसहा अंशांनी चढले की दाब साधारण पौंडभर वाढतो. म्हणून तापलेल्या टायरातली हवा सोडू नये. शेवटी खडूची परीक्षा: टायरावर आडवी रेघ ओढून सपाट रस्त्यावर थोडे चालवावे. मधला खडू आधी पुसला तर हवा जास्त, कडांचा पुसला तर कमी.

आम्ही ही विद्या वहीत उतरवून घेतली. तिची खरी किंमत कळली ती भाऊबीजेनंतर. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायला निघतात. एक मुकादम भाच्याकडे आला. बोचकी, भांडी, कोंबड्या आणि वर वीसएक माणसे, पोरे धरून. भाडे चांगले देत होता. गेल्या वर्षी भाच्याने अशी खेप केली होती, हे आम्हाला ठाऊक होते. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत असा कायदा आहे, हे त्यालाही ठाऊक होते.

भाचा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सामान नेतो, दादा. माणसांना एस.टी.त बसवा, वाटल्यास भाड्यातले थोडे कमी द्या.”

मुकादम कुरकुरला, पण कबूल झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात आवाज झाला म्हणून आम्ही खिडकीतून डोकावलो. भाचा बॅटरीच्या उजेडात उकिडवा बसून एकेका चाकाची हवा मोजीत होता.