दहा वर्षांच्या मुलीला कसला दाखला?

भातकापणी उरकली की पेडणे-डिचोलीच्या शेतांत फुटबॉल सुरू होतो आणि आमच्या दवाखान्यांत दाखल्यांसाठी वर्दळ वाढते. एकदा एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ती वाड्यावरच्या मुलांबरोबर रोज खेळणारी. परंतु स्पर्धेच्या आयोजकांनी ती ‘मुलांबरोबर खेळण्यास सक्षम’ असल्याचा डॉक्टरी दाखला मागितला होता. त्याच संघातील तिच्याहून किरकोळ अंगाच्या मुलांकडून केवळ वयाचा पुरावा घेतला गेला.

असा दाखला कोणत्या शास्त्राच्या आधारे द्यावयाचा? स्नायू, हाडे व हिमोग्लोबिन यांतील मोठा फरक टेस्टोस्टेरॉन वाढू लागल्यावर, म्हणजे वयात येताना पडतो. तत्पूर्वी धावण्यात मुलगे सरासरीने थोडे पुढे असतात हे खरे. पण एकाच वर्गातील दोन मुलग्यांमधील तफावत त्याहून मोठी असते.

कायद्याचा आधारही तोकडाच. घटनेचे १५ वे कलम लिंगभेदाला मनाई करते, ती राज्यसंस्थेला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळालाही ‘राज्य’ मानले नाही, तेथे गावच्या क्लबाची काय कथा! इंग्लंडमध्ये १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा असूनही १९७८ साली थेरेसा बेनेट या शाळकरी मुलीचा फुटबॉल संघटनेविरुद्धचा दावा अपिलात टिकला नाही, कारण खेळांसाठीचा अपवाद सरासरी स्त्रीच्या शारीरिक क्षमतेवर बेतलेला होता. तेथील २०१० च्या समानता कायद्याने मात्र मुलांच्या बाबतीत वय आणि वाढीचा टप्पा पाहण्यास सांगितले. आपल्याकडे १९७६ साली १३ वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले व निकाल त्यांच्या बाजूने लागला. (बुद्धिबळात स्नायूंचा प्रश्न कोठून आला, हे आक्षेपकांनाच ठाऊक.)

मुलींची वेगळी स्पर्धा घ्यावी, असे सुचविले जाते. घटनेत त्याला वाव आहे आणि बारा-तेरा वर्षांनंतर ती हवीच. पण आमच्या एका वाड्यावर दहा वर्षांच्या सात मुली जमवायच्या कोठून? येथे वेगळे म्हणजे खेळच नाही.

मी नेहमीचाच दाखला दिला : मुलगी निरोगी आहे, खेळण्यास हरकत नाही. ‘मुलांबरोबर’ हा शब्द मुद्दाम घातला नाही. आयोजकांनी तो स्वीकारला नाही. आपले अनेक सभासद अशा स्पर्धांना प्रमुख पाहुणे म्हणून जातात. बारा वर्षांखालील गटात मुलींना प्रवेश आहे काय, एवढे त्यांनी आमंत्रण स्वीकारण्यापूर्वी विचारावे.