बंद म्हणजे बंद, असं बटण द्या

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात एक वाक्य फार स्वस्त झालंय: "फॉरमॅट मारून टाकू." मशीन स्लो झालं, मारा फॉरमॅट. प्रिंट निघेना, मारा फॉरमॅट. शट डाऊन दाबून मशीन बंदच होईना, तरी तेच. माझं दुकान कराडला आहे, फॉरमॅटचे पैसे मीही घेतो, त्यामुळे पुढचं लिहिणं माझ्या गल्ल्याच्या विरोधातच जाणार आहे. बंद न होणाऱ्या मशीनला बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. आणि या दुखण्यातला मोठा वाटा त्या 'शट डाऊन' नावाच्या बटणाचा आहे, कारण ते जे सांगतं ते करत नाही.

गिऱ्हाईक तक्रार एका वाक्यात सांगतं, "दादा, बंदच होईना झालंय." या एका वाक्यात निदान चार वेगळी दुखणी असतात. एकाच्या पडद्यावर 'शटिंग डाऊन' लिहून गोल फिरत राहतं. दुसऱ्याचा पडदा काळा होतो, पण आत पंखा आणि पुढे लाईट चालूच. तिसऱ्याचं मशीन बंद होतं आणि लगेच आपलं आपण उठून बसतं. चौथ्याला अमुक प्रोग्रॅम अडवतोय म्हणून यादी दिसते. यातलं कुठलं, हे विचारल्याशिवाय पेनड्राइव्ह लावणारा मेकॅनिक मला मेकॅनिक वाटत नाही.

चौथं दुखणं त्यातल्या त्यात सोपं. शट डाऊन दाबल्यावर विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रॅमला विचारते, बाबा रे, बंद करू का? पाच सेकंदांत उत्तर आलं नाही की नाव जाहीर होतं. सेव्ह न केलेलं एक्सेल, नाहीतर नेटवर्कवरची फाईल धरून बसलेलं अकाउंटचं सॉफ्टवेअर. नाव वाचायचं, काम सेव्ह करायचं, संपलं. लोक नाव न वाचता 'शट डाऊन एनीवे' दाबतात आणि दुसऱ्या दिवशी व्हाउचर शोधत बसतात.

पहिल्या प्रकारात खरं काम असतं. एका पतसंस्थेच्या क्लार्क मॅडम रोज संध्याकाळी गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसायच्या. पिग्मीवाले येऊन गेले, कॅश जुळली, तरी मशीन काही घरी जाऊ देईना. आधीच्या माणसाने फॉरमॅटचा दर सांगून ठेवला होता. मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज तिथे रोजनिशी ठेवते, पण ती वाचायची सवय आमच्या धंद्यात फारच थोड्यांना आहे. १०७४ नंबरची नोंद असेल तर शट डाऊन कोणी आणि कशासाठी सांगितलं ते कळतं. ६००८ म्हणजे मशीन मागच्या वेळी अवेळी बंद पडलं होतं. मॅडमच्या मशीनवर ६००८ ची रांग लागली होती, म्हणजे शेवटी बोर्डाचंच बटण काढलं जात होतं. कारण निघालं पासबुक प्रिंटर. दुपारी कागद अडकला की प्रिंटर बंद करायचे, पण अर्धवट प्रिंट रांगेत तशीच राहायची, आणि बदललेल्या जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअरही अजून आतच होतं. रांग साफ केली, जुनं सॉफ्टवेअर काढलं. फॉरमॅट मारला असता तर श्रीलिपी, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, बँकेच्या सेटिंग्ज, सगळं पुन्हा लावण्यात त्यांचे दोन दिवस गेले असते.

बोर्डाचं बटण काढणं किंवा पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरणं हा आपल्याकडे सर्रास उपाय आहे. एखाद्या वेळी दुसरा इलाजच नसतो, मान्य. पण मार्चएंडला अकाउंटची फाईल लिहिली जात असताना हे केलं तर मग माझ्याकडे नाही, डेटा काढून देणाऱ्याकडे जावं लागतं, आणि तो पुण्यात बसतो.

आता त्या बटणाकडे येतो. विंडोज ९५ च्या काळात बहुतेक मशीनांचा पॉवर सप्लाय साध्या स्विचवर चालायचा. शट डाऊन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत यायचं, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. मग माणूस हाताने खटका पाडायचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं आणि खटका सॉफ्टवेअरच्या ताब्यात गेला. तिथून भानगडी सुरू झाल्या. विंडोज ९८ सेकंड एडिशनची मशीनं बंद होताना इतकी लटकायची की मायक्रोसॉफ्टला खास शट डाऊनसाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. व्हिस्टाच्या शट डाऊन मेनूवर काम केलेल्या मोइशे लेटविन या इंजिनिअरने २००६ मध्ये लिहून ठेवलंय की त्या एवढ्याशा मेनूत त्रेचाळीस जणांचं मत चालत होतं. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, आणि फेब्रुवारीत जगभरचे लोक सांगू लागले की मशीन म्हणतंय, तुम्हाला हा कॉम्प्युटर बंद करायची परवानगी नाही! आपल्याच पैशाने घेतलेलं मशीन.

पण खरी मेख २०१२ ची. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं आणि ते बहुतेक मशीनांवर आपोआप चालूच असतं. शट डाऊन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉगआऊट होता. पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर बंद होत नाहीत, त्यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तशीच परत उचलली जाते. म्हणजे काल संध्याकाळी बिघडलेला ड्रायव्हर आज सकाळी बिघडलेलाच उठतो. गंमत अशी की 'रीस्टार्ट' मात्र सगळं खरोखर बंद करून नव्याने सुरू करतं. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू, आणि खाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री इमानाने शट डाऊन करणाऱ्या माणसाला तिथे आठवडाभराचा आकडा दिसतो, आणि तो माझ्याकडे संशयाने बघतो.

पडदा काळा पण पंखा चालू, यामागे पुष्कळदा फास्ट स्टार्टअप आणि जुना चिपसेट ड्रायव्हर यांचं न जुळणं असतं. काही अपडेट तर रीस्टार्टशिवाय पूर्णच होत नाहीत; नुसतं शट डाऊन करणाऱ्याचं मशीन ते आठवडेच्या आठवडे लटकत ठेवतं. उपाय घरी करता येतो. शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊनवर क्लिक केलं तर मशीन तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. कायमचं हवं असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग सध्या बदलता न येणाऱ्या सेटिंग्ज उघडण्याची निळी ओळ, आणि खालची फास्ट स्टार्टअपची खूण काढायची. इतक्या आत ती का लपवली, हे कंपनीने एकदा सांगावं.

मायक्रोसॉफ्टची बाजू मला कळते. २०१२ साली बहुतेकांकडे फिरती हार्डडिस्क होती, मशीन उठायला वेळ घ्यायचं, तिथे या युक्तीने खरंच फरक पडला. पण आज साध्या लॅपटॉपमध्येही एसएसडी येते आणि वाचतात ते थोडेसे सेकंद. तेवढ्यासाठी बंद या क्रियेचा अर्थ माणसाला न विचारता बदलणं मला पटत नाही. 'अपडेट अँड शट डाऊन' निवडलं तरी मशीन पुन्हा चालू होऊन बसायचं, त्याची दुरुस्ती यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मेनूत दोन पर्याय ठेवा: एक झटपट उठण्यासाठीचं अर्धं बंद, एक पूर्ण बंद. विंडोज मराठीतही मिळते, मराठीतही तसंच लिहा. ज्याला जे हवं ते तो दाबेल.

दोष आमच्याकडेही आहे, पण तो नुसता आळसाचा नाही, पैशाचाही आहे. फॉरमॅटला तीन तास लागतात, म्हणून गिऱ्हाईक बिनतक्रार पैसे मोजतं. एक खूण काढून मशीन दहा मिनिटांत परत दिलं तर ते म्हणतं, "एवढ्याचेच का ओ पैसे?" आणि पुढच्या वेळी फॉरमॅटवाल्याकडे जातं. म्हणून मी दुकानातल्या दरपत्रकावर तपासणीचा दर वेगळा लिहिलाय, दुरुस्ती काहीही निघो. शेजारचा मोबाईलवाला म्हणतो, त्या ओळीमुळे गिऱ्हाईक पळतंय. काही पळतात खरे. पतसंस्थेने मात्र बाकीची मशीनंही तपासायला पाठवली आहेत.