कौतुकाचे चढते-उतरते भाव

२४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलच्या मैदानावर भारतीय क्रिकेट संघाने इंग्लंडचा चार गडी राखून पराभव केला आणि इंग्लंडच्या भूमीवरील आपली पहिली मालिका जिंकली. त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्येही भारत विजयी झाला होता. दोन्ही वेळी कर्णधार होते अजित वाडेकर. मायदेशी परतलेल्या या संघाची मुंबईत विमानतळापासून मिरवणूक निघाली. इंदूर शहराने काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारली व तीवर विजयी खेळाडूंची नावे कोरली. पुढे तीन वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच २४ जून १९७४ रोजी लॉर्ड्सवर हाच कर्णधार आणि बव्हंशी हेच खेळाडू १७ षटकांत ४२ धावांत बाद झाले. ती मालिका भारताने ३-० अशी गमावली. इंदूरची ती बॅट जमावाने विद्रूप केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातही स्थान उरले नाही. त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली व स्टेट बँकेतील आपल्या नोकरीत लक्ष घातले.

ज्या बॅटीवर नावे कोरली तिच्यावरच हात उचलणाऱ्या या समाजाची मनोवृत्ती तपासून पाहण्यासारखी आहे. क्रिकेट हे येथे केवळ निमित्त होय.

वाडेकरांची कर्तबगारी तीन वर्षांत एवढी घसरली होती काय? १९७१ च्या मालिकेचा तपशील पाहिला तर निराळेच चित्र दिसते. लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीत भारताला विजयासाठी १८३ धावा हव्या होत्या. १४५ धावांत आठ गडी बाद झाले असताना पाऊस आला. मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत ४२० धावांचे लक्ष्य समोर होते. तीन बाद ६५ अशी अवस्था असताना शेवटचा संपूर्ण दिवस पावसात वाहून गेला. त्यानंतर ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले आणि इतिहास घडला. तो पराक्रम अस्सल होता, यात शंका नाही. परंतु त्यामागे पर्जन्यराजाची कृपाही होती. १९७१ साली कोणी पावसाचे आभार मानले नाहीत आणि १९७४ साली कोणी जूनमधील थंड, ओलसर इंग्लिश हवेला दोष दिला नाही. विजय झाला तेव्हा सारे श्रेय एका माणसाच्या पदरात घातले गेले. साहजिकच पराभवाचे सारे अपश्रेयही त्याच्याच पदरात पडले.

फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की अतिशय उंच पित्यांचे पुत्र सरासरीपेक्षा उंच असले तरी बहुधा पित्याइतके उंच नसतात. असामान्य गोष्टीनंतर पुढची गोष्ट सरासरीच्या जवळ येते, हा सृष्टीचा सर्वसाधारण नियम आहे. शिक्षकांना तो पुस्तकाविनाही ठाऊक असतो. सहामाहीत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वार्षिक परीक्षेत तिसरा आला, तर तो बिघडला असे सुज्ञ शिक्षक म्हणत नाही. मात्र तोच शिक्षक सायंकाळी क्रिकेटची चर्चा करू लागला म्हणजे हा नियम विसरतो.

तो विसरावा अशी सोय वृत्तव्यवसायाने करून ठेवली आहे. वर्तमानपत्रास, आणि यात प्रस्तुत दैनिकही आले, रोज सकाळी विकले जाणे भाग असते. खेळाडूची कामगिरी बहुतेक दिवशी मध्यम प्रतीची असते आणि मध्यम प्रतीच्या बातमीला गिऱ्हाईक नसते. तेव्हा ज्या मालाला उठाव आहे तो माल, म्हणजे देवत्व किंवा अधःपात, निर्माण करावा लागतो. १९८३ सालचे सुनील गावसकर पाहा. ऑक्टोबरात दिल्लीला त्यांनी एकोणतिसावे कसोटी शतक काढून ब्रॅडमनच्या विक्रमाशी बरोबरी केली. देशभर जयजयकार झाला. १० डिसेंबरला कलकत्त्यात ते सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद झाले, दुसऱ्या डावात २० धावांवर परतले, आणि भारताचा डावाने पराभव होताच प्रेक्षकांचा संताप अनावर झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मद्रासला त्यांनी नाबाद २३६ धावा केल्या आणि ब्रॅडमनला मागे टाकले. तीन महिन्यांत एका माणसाचा भाव आकाशाला भिडला, मातीस मिळाला व पुन्हा आकाशाला भिडला. सट्टाबाजारातील एखाद्या कंपनीचे असे झाले असते तर जाणकारांनी दोष कंपनीला दिला नसता, बाजाराला दिला असता. गावसकरांनी मात्र ती जखम मनात ठेवली. १९८७ साली पाकिस्तानविरुद्धच्या कलकत्त्याच्या कसोटीत ते खेळले नाहीत आणि सलग १०६ कसोट्यांची त्यांची साखळी तेथे तुटली.

परदेशातही याहून निराळे घडत नाही. अमेरिकेत लेब्रॉन जेम्स हा बास्केटबॉलपटू २०१० साली क्लीव्हलंडचा संघ सोडून मायामीला गेला, तेव्हा क्लीव्हलंडच्या रस्त्यांवर त्याच्या नावाचे सदरे जाळण्यात आले. २०१४ साली तो परतला आणि २०१६ साली त्याने त्या शहराला अजिंक्यपद मिळवून दिले. सदरे पुन्हा विकले गेले. मुंबईत वानखेडे मैदानावर मार्च २००६ मध्ये सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतताना त्यांच्याच शहराने त्यांची हुर्यो उडवली. त्या वर्षी एका इंग्रजी दैनिकाने त्यांच्या आडनावाचे पहिले अक्षर गाळून 'एंडुलकर' असा मथळा छापला. तेव्हा त्यांच्या नावावर ३५ कसोटी शतके होती. निवृत्तीच्या वेळी ती ५१ होती. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच मैदानावर मुंबईचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या याला प्रेक्षकांनी छी-थू केले, आणि विश्वचषक जिंकून आल्यावर ४ जुलै रोजी तेथेच त्याच्या नावाचा घोष केला.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. प्रेक्षक पैसे मोजतो, खेळाडूला लाखो-कोट्यवधी मिळतात, मग चार शब्द ऐकून घ्यायला काय हरकत आहे? हे उत्तर टाकाऊ नाही. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नट, गायक व नर्तक यांच्या भरमसाट मोबदल्याची मीमांसा करताना म्हटले आहे, की त्यांच्या गुणांची दुर्मिळता आणि त्या धंद्याला चिकटलेली अप्रतिष्ठा या दोहोंची भरपाई त्या मोबदल्यात असते. आजच्या नामांकित क्रिकेटपटूच्या कमाईत हुर्यो सोसण्याची किंमत धरलेली आहे असे म्हटले, तर ते फारसे चूक ठरणार नाही. शिवाय टीका आवश्यकही असते. ७ जून १९७५ रोजी विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या असता गावसकर पूर्ण साठ षटके उभे राहिले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा करून परतले. त्या खेळीवर टीकेची झोड उठली ती रास्तच होती. ती टीका खेळीवर होती आणि गावसकरांच्या बॅटीने तिला पुढे शेकडो वेळा उत्तर दिले.

परंतु ज्या टीकेला बॅटीने उत्तर देता येत नाही, तिचे काय? आणि ज्याच्या पदरी मोबदला नाही, त्याने ती कशाच्या बळावर सोसावी?

सोलापूर जिल्ह्याला या संदर्भात एक नाव जवळचे वाटावे. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे त्यांची दैना झाली. कसोटीच्या सात डावांत त्यांनी अवघ्या ४३ धावा केल्या. ते स्क्वेअर लेगच्या पंचाकडे सरकत खेळतात अशी थट्टा झाली. त्याच दौऱ्यात इतर सामने धरून त्यांनी दीड हजारांवर धावा काढल्या होत्या. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून ते कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय ठरले. १९५९ साली त्याच इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला, त्यांनी शतक ठोकले. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत ५६, नाबाद १७२ आणि पाच बळी अशी कामगिरी केली. एवढे सारे होऊनही क्रिकेटच्या गप्पांत उम्रीगरांचे नाव निघाले म्हणजे आजही ट्रूमनची ती थट्टा हटकून निघते. बारा शतकांपेक्षा एक विनोद दीर्घायुषी ठरला. उम्रीगर भक्कम प्रकृतीचे, मनानेही खंबीर होते. त्यांनी तो पचवला.

सुधीर नाईक यांच्या वाट्याला आले ते याहून कठोर होते. १९७०-७१ च्या हंगामात मुंबईचे नामवंत खेळाडू वेस्ट इंडिजला गेले असता नाईकांनी उरलेल्या संघाचे नेतृत्व करून रणजी करंडक मुंबईतच राखला. १९७४ च्या त्या दुर्दैवी दौऱ्यात ते होते. लंडनमधील एका मोठ्या दुकानातून मोज्यांचे दोन जोड पैसे न देता नेल्याचा आरोप त्यांच्यावर आला. त्यांनी त्या वेळी पैसे देऊन इतर बरेच जोड घेतले होते. प्रसिद्धी टळावी म्हणून गुन्हा कबूल करावा असा सल्ला त्यांना मिळाला, असे गावसकरांनी 'सनी डेज' या आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. तो सल्ला मानला गेला, दंड झाला, आणि जी प्रसिद्धी टाळायची होती तीच चौपट होऊन आली. एजबॅस्टनच्या कसोटीत नाईकांनी दुसऱ्या डावात ७७ धावा केल्या, पण पराभवाने चवताळलेल्या वाचकांना धावांपेक्षा मोजे अधिक रुचले. ते एकूण तीन कसोट्या खेळले. त्या काळी कसोटीचे मानधन तुटपुंजे असे. बहुतेक खेळाडू बँकांत वा कंपन्यांत नोकरी करून खेळत. बदनामीची भरपाई करणारी कोणतीही रक्कम नाईकांच्या खात्यावर जमा होत नव्हती.

येथे या प्रश्नाचे मर्म आहे. चर्चा नेहमी ताऱ्यांची होते, कारण त्यांच्यावरील दगड सर्वांना दिसतात. पण तारे सहसा सावरतात. त्यांच्याजवळ पुढचा डाव असतो, पैसा असतो, बाजू मांडणारी लेखणी असते. वाडेकरही पुढे संघाचे व्यवस्थापक झाले, निवड समितीचे अध्यक्ष झाले. नाईकांना पुढचे डाव थोडेच मिळाले. जो खेळाडू प्रकाशझोताच्या कडेला उभा असतो, त्याला चटका ताऱ्याइतकाच बसतो आणि औषध मात्र मिळत नाही. दरम्यान दौऱ्याची आखणी करणारे, संघ निवडणारे आणि तो चुकीचा सल्ला देणारे सारे पडद्याआड सुरक्षित राहतात. १९५८-५९ साली वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाच कसोट्यांत भारताने चार कर्णधार बदलले. उम्रीगरांनी मद्रासच्या कसोटीच्या तोंडावर कर्णधारपद सोडले ते संघनिवडीतील हस्तक्षेपामुळे. त्या गोंधळाच्या सूत्रधारांची नावे आज किती वाचक सांगू शकतील?

पूर्वी हा चटका वर्तमानपत्राच्या मर्यादेतच राहत असे. मोहोळसारख्या गावी लॉर्ड्सच्या ४२ धावांची वार्ता रेडिओवरून आली, दुसऱ्या दिवशी छापून आली, चार दिवस चावडीवर व एस.टी. स्थानकावर चघळली गेली आणि विरली. मुंबईच्या खेळाडूच्या कानावर मोहोळचा शब्द जात नव्हता, आणि मोहोळच्या खेळाडूविषयी मुंबईला काही ठाऊक नव्हते. आता पंढरपूरचा रस्ता महामार्गाला मिळतो त्या नाक्यावरील चहाच्या टपरीतही प्रत्येकाच्या हातात छापखाना आहे आणि चित्रपटगृहही. तेथून निघालेली शिवी थेट खेळाडूच्या हातातील भ्रमणध्वनीवर पोहोचते. हे नामांकितांचे झाले. त्यांना मोबदला मिळतो, असे म्हणून क्षणभर सोडून देता येईल.

पण हीच सवय आता तालुक्याच्या मैदानावर उतरली आहे. शालेय कबड्डी अथवा खो-खोच्या सामन्यात कडेला उभे असलेले तरुण मोबाइलवर चित्रण करीत असतात. पंधरा वर्षांच्या मुलाची चढाई फसते, निर्णायक क्षणी त्याचा पाय रेषेबाहेर जातो. ते दहा सेकंद कापून, त्यावर विनोदी संगीत चढवून, संध्याकाळपर्यंत गावातील सगळ्या गटांत फिरतात. ज्यांनी ते पाठवले त्यांच्या मनात द्वेष असतोच असे नाही. वानखेडेवर जे शोभते ते येथेही शोभते, एवढीच त्यांची समजूत असते. मुलगा असेल तर त्याला काही दिवस टोपणनाव चिकटते. मुलगी असेल तर घरची माणसे दुसऱ्या दिवसापासून तिचे मैदानावर जाणे बंद करतात. या मुलांना मानधन नाही. बक्षीस म्हणून एक प्रशस्तिपत्र आणि प्रवासासाठी एस.टी.चे भाडे, तेही शाळेची ऐपत असेल तर. ॲडम स्मिथच्या हिशेबातील भरपाईची बाजू येथे संपूर्ण कोरी आहे.

यावर कायदा करून फारसे साधणार नाही. तथापि काही गोष्टी शाळांच्या आणि संयोजकांच्या हातातल्या आहेत. चौदा व सतरा वर्षांखालील सामन्यांचे चित्रण फक्त शाळेने नेमलेल्या व्यक्तीने करावे, असा नियम प्रवेशपत्रिकेवरच छापता येईल. त्यास पैसा लागत नाही. तालुका वार्ताहरांनी हरलेल्या संघातील मुलाचे नाव चुकीसह छापू नये. 'अमुक शाळा दोन गुणांनी पराभूत' एवढे पुरेसे आहे. जिंकणाऱ्याचे कौतुकही जरा आखडते घ्यावे. सोळाव्या वर्षी चौकात फलक लागलेल्या मुलाला सतराव्या वर्षी तोच चौक चुकवून शाळेला जावे लागते, हे पालकांनी आणि फलकाचा खर्च करणाऱ्या पुढाऱ्यांनीही ध्यानात घेतलेले बरे. खेळशिक्षकाने हरलेल्या सामन्यानंतर मुलांसमवेत गाडीत बसून गावापर्यंत यावे, मध्येच उतरून जाऊ नये.

सुधीर नाईक पुढे वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीची देखभाल करीत. २ एप्रिल २०११ रोजी भारताने ज्या खेळपट्टीवर विश्वचषक जिंकला, ती त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी त्यांचे निधन झाले, आणि एकोणपन्नास वर्षे लोटूनही त्यांच्याविषयीच्या लेखांतून मोज्यांच्या त्या दोन जोडांचा उल्लेख सुटला नाही.