पाठीमागचा दिवा

गेल्या गणेशोत्सवांत आम्ही सहकुटुंब कऱ्हाडाहून चिपळुणास निघालों होतों. कुंभार्ली घाटांत पाऊस आणि धुकें यांची अशी गट्टी जमली होती कीं, दहा हातांपलीकडचें दिसेना. मागल्या आसनावर मातुःश्री व दोन नातवंडें बसलीं होतीं. वळणावळणावर ब्रेक दाबीत आम्ही बेतानें उतरत होतों. आणि खोटें कशाला बोला, आपल्या सावधपणाचा आम्हांस थोडा अभिमानही वाटत होता. पोफळीस चहाला थांबलों, तों मागून आलेल्या ट्रकचा चालक खालीं उतरून म्हणाला, "काका, तुम्ही ब्रेक दाबलात कीं मागचा लाल दिवा लागतच नाहीं. दोनदां माझी गाडी तुमच्यावर यायची राहिली."

आमचा अभिमान तेथेंच गळून पडला. चूक आमची, आणि तिची झळ पहिल्यानें लागली असती ती मागें बसलेल्या म्हातारीस व मुलांस!

या दिव्याचें दुर्दैव असें कीं, तो ज्याचा असतो त्यालाच दिसत नाहीं. ताशीं 60 किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें 17 मीटर अंतर तोडते. पुढचा थांबतो आहे हें मागच्यास सेकंदभर उशिरां कळलें, तर तेवढें अंतर हातचें गेलेंच म्हणून समजावें. म्हणून या दिव्याची परीक्षा घरींच कशी करावी, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

एकानें किल्ली फिरवून ब्रेक दाबावा व दुसऱ्यानें मागें उभें राहून पाहावें. मुलें हें काम हौसेनें करतात. मात्र गाडी जागची हलणार नाहीं अशी तजवीज आधीं करावी. घरीं कोणी नसेल तर तिन्हीसांजेस गाडीची पाठ भिंतीकडे करून भिंतीवर पडणारा तांबडा उजेड आरशांत पाहावा.

एकाच बाजूचा दिवा बंद असेल, तर दोष बहुधा बल्बांत असतो. जुन्या पद्धतीच्या पुष्कळशा बल्बांत एकाच कांचेंत दोन तारा असतात. 5 वॅटची तार रात्रीं मंद जळते. 21 वॅटची ब्रेक दाबतांच पेटते. तेव्हां मंद दिवा लागतो म्हणून ब्रेकचाही लागत असेल, असें गृहीत धरूं नये. या बल्बाच्या दोन खुंट्या कमीजास्त उंचीवर असतात, त्या तो उलटा बसूं नये म्हणून. जोर करून बसवूं नये.

नवा बल्बही लागला नाहीं, तर होल्डर पाहावा. पावसाळ्यांत दिव्यांत पाणी शिरून, पितळी भांड्यावर कळंक चढावा तसा थर तेथें चढतो. तो पॉलिश पेपरनें हलकेच घासून काढावा. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणूं लागला, तर अर्थिंग सुटलें आहे असें समजावें. परतीची वाट न सांपडलेली वीज शेजाऱ्याच्या घरांतून वाट काढते, त्यांतलाच हा प्रकार!

सगळेच ब्रेकचे दिवे बंद असतील, तर सगळे बल्ब एकदम जाणें संभवत नाहीं. आधीं फ्यूज पाहावा. नवा फ्यूज घालावयाचा तो तितक्याच अँपिअरचा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातल्यास दिवा लागेल, पण एखादे दिवशीं गाडीही पेटेल. नवा फ्यूज पुन्हां उडाला, तर तारांत कोठें तरी दोष आहे. तेथें आपली कारागिरी थांबवून मिस्त्रीस बोलवावें.

फ्यूज शाबूत असेल, तर पेडलापाशीं असलेल्या छोट्या स्विचाकडे वळावें. याच्या उलटही घडतें: कित्येक गाड्यांत पेडलावरील लहानशी रबरी गुंडी झिजून तुटते, स्विच मोकळा राहतो व दिवा रात्रभर जळून सकाळीं बॅटरी उतरलेली आढळते.

हल्लींचे एलईडी दिवे तत्काळ लागतात. तारेच्या बल्बास पूर्ण तेजानें पेटण्यास सुमारें सेकंदाचा पंचमांश लागतो. 60 च्या वेगास हे तीन मीटर होत! परंतु हे दिवे बहुधा बंदिस्त असतात. बिघडल्यास पुष्कळदां सबंध दिवाच बदलावा लागतो.

आमच्या गाडीचा दोष त्या स्विचांतच निघाला. चिपळुणास मिस्त्रीनें तो पाव तासांत बदलला. तेथवर त्या ट्रकवाल्यानें आपली गाडी आमच्या पाठीशीं ठेवून आम्हांस सांभाळून नेलें. आभार मानावयास आम्ही उतरलों, तों तो हात हालवून पुढें निघूनही गेला होता.

तेव्हांपासून प्रवासास निघतांना देवापुढें निरांजन लावून झालें कीं मातुःश्री विचारतात, "अरे, मागचा दिवा पाहिलास का?" आणि आम्ही तो पाहिल्याशिवाय त्या गाडींत पाऊल ठेवीत नाहींत.