सही करावी की नाही? मेंदूविकारांवरील संशोधन आणि आपला विवेक

पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेला असतो. बाहेरच्या बाकावर पत्नी, मुले आणि शेजारी बसलेले असतात. तेवढ्यात एक डॉक्टर हातात काही कागद घेऊन येतात व सांगतात, की या आजारावरील दोन उपचारांची तुलना करणारे संशोधन येथे चालू आहे. आपल्या रुग्णास त्यात सहभागी करून घेण्यास आपली संमती आहे काय? तैलाभ्यंगासाठी बोलावलेल्या धर्मगुरूंना मग प्रार्थना संपताच हलक्या आवाजात विचारले जाते, "फादर, सही करावी का? आमच्या माणसावर प्रयोग तर करणार नाहीत ना?"

हा प्रश्न भीतीपोटी आलेला असला तरी तो क्षुल्लक नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ साली हेलसिंकी येथे मानवी संशोधनाच्या नीतिनियमांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच शहरात संमत झाली. तिच्यात एक शब्द बदलण्यात आला. ज्याच्यावर संशोधन केले जाते ती व्यक्ती आता संशोधनाचा 'विषय' राहिलेली नाही, ती 'सहभागी' झाली आहे. या एका शब्दामागे मोठा इतिहास आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांमध्ये तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

आपण ज्याला लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो, तो बहुधा मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होतो. रक्त पोहोचत नसेल तर दुसऱ्या वाटेने पोहोचवावे, हा विचार कोणालाही पटेल असाच आहे. १९६७ साली झुरिच येथे शल्यविशारद गाझी याशारगिल यांनी डोक्याच्या त्वचेखालील धमनी मेंदूवरील धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखविली. शस्त्रक्रिया अतिशय कौशल्याची होती. पुढे अनेक देशांत ती होऊ लागली. तिचा उपयोग होतो याविषयी शल्यविशारदांच्या मनात फारशी शंका नव्हती.

तरीही कॅनडातील मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री बार्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कसोटीला लावली. १,३७७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. ७१४ जणांना केवळ औषधोपचार मिळाला, तर ६६३ जणांना औषधांबरोबर शस्त्रक्रियाही. सरासरी साडेचार वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा वैद्यकविश्व थक्क झाले. जोडलेल्या धमन्यांपैकी ९६ टक्के धमन्या उत्तम वाहत होत्या. परंतु शस्त्रक्रिया झालेल्यांना पक्षाघातापासून अधिक संरक्षण मिळाले नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, रुग्णाचा मात्र लाभ झाला नव्हता.

याचा अर्थ संशोधन शस्त्रक्रियेच्या विरोधात आहे असा नव्हे. याच बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली मानेतील चिंचोळ्या झालेल्या धमनीच्या शस्त्रक्रियेचीही कसोटी झाली. पक्षाघाताची लक्षणे येऊन गेलेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांपैकी, केवळ औषधे घेणाऱ्या २६ टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. हा निष्कर्ष १९९१ साली जाहीर झाला. त्यानंतर मेंदूच्या आतील अरुंद धमनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याचा उपाय पुढे आला. तोही तितकाच पटणारा होता. २०११ सालच्या अमेरिकेतील चाचणीत स्टेंट बसविलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना तीस दिवसांत पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला; केवळ कसोशीचा औषधोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.८ टक्के होते. ४५१ रुग्णांनंतर नवे रुग्ण घेणे थांबविण्यात आले.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. 'प्रयोग' नेमका कोणता? ज्या उपचाराची कधी कसोटीच झाली नाही, तो विश्वासापोटी हजारोंवर करीत राहणे हाही प्रयोगच आहे. फरक इतकाच, की त्याची नोंद कोणी ठेवत नाही. प्रेषितांनी यहुदाच्या जागी मथियसची निवड चिठ्ठ्या टाकून केली, कारण दोघांपैकी कोण, हे ठरविणे त्यांनी परमेश्वरावर सोपविले. संशोधनातील चिठ्ठी वेगळी असली तरी तिच्यातही नम्रतेची कबुली आहे. दोन उपचारांपैकी कोणता श्रेष्ठ, हे आम्हांस ठाऊक नाही, असे डॉक्टर प्रामाणिकपणे सांगत असतात. ते ठाऊक असूनही चिठ्ठी टाकली जात असेल, तर मात्र तो अन्याय होय.

भारतही यात मागे नाही. लुधियाना येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातील ३१ केंद्रांत ४,२९८ पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास झाला. बारा भाषांतून चित्रफिती, संदेश व पुस्तिका देऊन दुसरा झटका टाळता येतो का, हे पाहायचे होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेले उत्तर नकारार्थी होते. वर्षभरात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. सद्हेतूने केलेले कामही फलदायी ठरले नाही, हे लपवून न ठेवता जगापुढे मांडणे हीसुद्धा सत्याची सेवा आहे.

मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आकडे देऊ शकत नाहीत. मोठ्या पक्षाघातानंतर मेंदू सुजतो व कवटीत दाबला जातो. अशा वेळी कवटीचा भाग काढून त्यास जागा करून दिली जाते. साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांवरील तीन युरोपीय चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष २००७ साली आला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के जगले, न झालेल्यांपैकी केवळ २९ टक्के. साठीपुढील रुग्णांवरील जर्मनीतील चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तेथेही मृत्यूचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. परंतु वाचलेल्यांपैकी बहुतेकांना दैनंदिन गरजांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागले. मग शस्त्रक्रिया करावी की नाही?

संशोधन येथे काय घडण्याचा संभव आहे एवढेच सांगते. परावलंबी जीवनाची किंमत कमी, असे ते सांगत नाही आणि आपणही तसे म्हणू नये. अंथरुणाला खिळलेली आई आईच असते. दुसरीकडे, पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर स्पष्ट केले, की जीवनरक्षणासाठी साधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे. असाधारण उपायांचे बंधन मात्र कोणावरही नाही. म्हणून रुग्णाची पूर्वी व्यक्त झालेली इच्छा, उपचाराचा भार आणि अपेक्षित लाभ यांचा प्रार्थनापूर्वक विचार करून कुटुंबाने घेतलेला निर्णय, तो कोणताही असो, त्यांना अपराधी ठरवीत नाही.

याच पोप महोदयांनी सप्टेंबर १९५२ मध्ये मज्जासंस्थेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादा मांडल्या होत्या. रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरांना त्याच्या देहावर अधिकार नाही. विज्ञानाचे वा समाजाचे हित कितीही मोठे असले तरी माणूस हे त्याचे साधन होऊ शकत नाही. तथापि प्रत्येक धोका वगळा असा आग्रह धरला, तर संशोधनच खुंटेल आणि त्यात रुग्णांचेच नुकसान होईल, हेही त्यांनी सांगितले. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही रुग्णाची किंवा त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेल्यांची माहितीपूर्वक संमती आवश्यक मानतो आणि टाळता येण्याजोग्या वा प्रमाणाबाहेरच्या धोक्यास नकार देतो.

आपल्याकडे खरी अडचण 'माहितीपूर्वक' या शब्दात आहे. डॉक्टरांना देव मानणारा आणि बिलाच्या चिंतेने खचलेला नातेवाईक कागद न वाचताच सही करतो. ती सही आहे, संमती नव्हे. म्हणून आमचे सांगणे असे, की कागद मराठीत मागा आणि कोणाकडून तरी तो मोठ्याने वाचून घ्या. नीतिसमितीची मान्यता आहे काय, संशोधनाची नोंद देशाच्या चाचणी-नोंदवहीत झाली आहे काय, नकार दिल्यास नेहमीचा उपचार चालू राहील ना, इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे विचारा. नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनी इजा झालेल्यास मोफत उपचार व भरपाईचा हक्क दिला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सहभागी झाल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते. असे प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नाही. प्रामाणिक संशोधक त्यांचे स्वागतच करील.

उत्तरे समाधानकारक नसतील तर निःशंकपणे नकार द्यावा. त्यात पाप नाही. समाधानकारक असतील तर भय न बाळगता सही करावी. चांगल्या शोमरोनी माणसाला वाटेवर पडलेल्याचे नावही ठाऊक नव्हते. अतिदक्षता विभागाबाहेर विचारपूर्वक दिलेली संमतीही अशाच एका अनोळखी शेजाऱ्यासाठी असते. आज आपल्या रुग्णास जो उपचार मिळतो, तोही कधीकाळी कोणीतरी दूरदेशी केलेल्या अशाच सहीमुळे मिळत असतो.