उरलेल्या रकमेचा हिशेब

खर्च झालेल्या पैशास पावती असते. न खर्चलेल्या पैशास बहुधा वाली नसतो. चाळीस वर्षे धान्याची घाऊक पेढी चालविल्यानंतर माझे हे मत अधिकच दृढ झाले आहे.

एकदा आमच्या पेढीवर तुरीच्या सौद्यापोटी काही रक्कम राखून ठेविली होती. निम्मा माल आला, उरलेला सौदा मोडला. परंतु राखलेली बाकी त्याच नावाने दर पाडव्यास नव्या वहीत पुढे ओढली गेली. तिसऱ्या वर्षी तीतून भलत्याच मालाचे बिल भागविल्याचे आढळले. कोणी चोरी केली नव्हती. विचारणारा कोणी नव्हता, इतकेच.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यात हेच अब्जावधी डॉलरांच्या प्रमाणात घडत आले आहे. करार झाला की रक्कम बांधली जाते. काम स्वस्तात उरकते, मागणी रद्द होते किंवा अखेरचे बिल वर्षानुवर्षे रेंगाळते; बाकी मात्र बांधलेलीच राहते. पूर्वी जुन्या वर्षांच्या अशा बाक्या एका सामाईक खात्यात मिसळल्या जात, आणि कोणती रक्कम कोणत्या वर्षाची हे ओळखू येईनासे होई. १९९० च्या कायद्याने ती खाती १९९३ पर्यंत बंद करविली. आता मंजुरीची मुदत संपल्यावर जुनी देणी भागविण्यास पाच वर्षे मिळतात. त्यानंतर बाकी रद्द होते.

कायदा चांगला, पण वही उघडणारा हात हवा. उघडे करार वर्षातून तीनदा, पुढे दर तिमाहीस, तपासावेत असा खात्याचा दंडक आहे. तरीही २०१८ साली प्रथमच संपूर्ण खात्याची हिशेबतपासणी झाली, तेव्हापासून २०२४ पर्यंत सलग सात वर्षे तपासनीसांस निश्चित अभिप्राय देता आला नाही. लष्करी दलांपैकी एकट्या मरीन दलास २०२३ सालच्या हिशेबाबद्दल निर्दोष शेरा मिळाला. समग्र खात्यास २०२८ अखेरची मुदत आहे.

कोणी म्हणेल, जहाज बांधण्यास वर्षे लागतात, बाकी राहणारच. राहो! बाकी राहणे हा दोष नव्हे. ती का राहिली हे ठाऊक नसणे हा दोष होय. नड संपलेली रक्कम मुदतीच्या आत मोकळी केली, तर दुसऱ्या मंजूर कामी येते. मुदतीनंतर ती नव्या कामास निरुपयोगी ठरते. नुकसान होते ते सैनिकाचे व करदात्याचे.

व्यापारी बंधूंनो, देवद्रव्य अन्य कामी वापरू नये, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. तोच नियम इमारत निधीस व मदत निधीसही लागू आहे. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आपल्या संघाच्या ताळेबंदात प्रत्येक शिल्लक निधीपुढे चार गोष्टी लिहाव्यात: रक्कम कोणत्या वर्षाची, कशासाठी, कोणाच्या जबाबदारीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत. चार ओळींची शाई फार महाग नाही.